सवलत कोणत्या वाढदिवशी संपते?

वाचकाचे पत्र

"आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. मी शाळेत शिक्षिका आहे आणि यजमान खासगी कंपनीत नोकरी करतात. आमची मुलगी १५ वर्षांची असून यंदा नववीची परीक्षा देत आहे. गेल्या वर्षी सुट्टीतल्या शिबिरात तिने गोल्फ पहिल्यांदा खेळून पाहिला आणि तेव्हापासून तिला त्याचे वेड लागले आहे. प्रशिक्षकही तिच्या हाताला चांगले वळण आहे असे म्हणतात. नवी मुंबईच्या बाजूच्या एका क्लबने आम्हाला ज्युनियर सदस्यत्व देऊ केले आहे. प्रौढांना प्रवेश शुल्क ६ लाख रुपये आहे, ज्युनियरांना १ लाख ७५ हजार, आणि पाडव्यापर्यंत भरल्यास १ लाख ५० हजार. वार्षिक वर्गणी ३६ हजार रुपये असून सगळ्यावर जीएसटी वेगळा आहे. वयाची २१ वर्षे पूर्ण झाल्यावर ९० दिवसांत त्या वेळच्या प्रौढ शुल्कातला फरक भरावा लागेल, नाहीतर सदस्यत्व संपेल. ज्युनियरांना मंगळवार ते शुक्रवार दुपारी ४ पर्यंत आणि शनिवार-रविवारी दुपारी १ नंतर खेळता येते. सासरे नातीसाठी आपली ५ लाखांची मुदत ठेव मोडायला तयार आहेत. इतकी मोठी सवलत सोडू नये असे सर्वांचे मत आहे. आपले मत काय?"

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण सगळ्या अटी मोकळेपणाने आणि आकड्यांसह लिहिल्या, त्यामुळे उत्तर नेमके देता येते. माझे मत असे की पाडव्यापर्यंत पैसे भरू नयेत, मुदत ठेव मोडू नये आणि मुलीचा खेळ मात्र एक दिवसही थांबवू नये. या तीन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतील, पण तशा त्या नाहीत. सदस्यत्व आणि खेळ या दोन वेगळ्या खरेद्या आहेत, आणि १५ व्या वर्षी आपल्या मुलीला दुसरीची गरज पहिलीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

प्रथम क्लब तरुणांना सवलत का देतो, ते पाहू. अठरा होल्सच्या, म्हणजे चेंडू घालायच्या अठरा खळग्यांच्या, मैदानाला साधारण शंभर ते दीडशे एकर जमीन लागते. तिच्यावरचे गवत, पाणी, कापणी, खते आणि माळ्यांचा पगार हा खर्च मैदानावर दहा जण खेळले काय किंवा शंभर जण खेळले काय, जवळजवळ सारखाच येतो. मुंबईच्या आसपास अशी जमीन दुर्मीळ आहे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा आहे, आणि त्यानंतरच्या जवळजवळ शंभर वर्षांत या महानगरात नवी मैदाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाली. म्हणून शनिवार-रविवारच्या सकाळच्या वेळा सोन्याच्या भावाने जातात आणि आठवड्यातल्या दुपारी मैदान मोकळे पडून असते. ज्युनियर सदस्य ही मोकळी वेळ भरून काढतो, आणि मोठा झाल्यावर पूर्ण शुल्क भरणारा सदस्य होण्याची शक्यता त्याच्यात असते. यात क्लबचे काही चुकत नाही. मात्र सवलत खेळाडूच्या गरजेवरून आखलेली नसून क्लबच्या रिकाम्या वेळेवरून आखलेली आहे, हे एकदा ध्यानात आले की तिच्या अटी कशा वाचायच्या ते आपोआप कळते.

आता त्या वेळा आपल्या घरात बसवून पाहा. मुलीची शाळा दुपारची असेल, तर मंगळवार ते शुक्रवारचे सगळे दिवस आपोआप बाद होतात. सकाळची असेल, तर साडेबाराला शाळा सुटल्यावर घरी येऊन, जेवून, वर्तकनगरहून निघून मैदानावर पोहोचेपर्यंत तीन वाजतात आणि चारला ज्युनियरांची वेळ संपते. उरतात ते शनिवार-रविवार, दुपारी १ नंतर. एप्रिल-मेमध्ये एक वाजता पंधरा वर्षांच्या मुलीला चार-साडेचार तास उन्हात चालायला लावणे मला मान्य नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पावसाचे महिने आहेत. चेंडू ओल्या मातीत रुततो, फेअरवेवर (होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) पाणी साचते आणि कित्येक दिवस मैदान बंद ठेवावे लागते. पुढच्या वर्षी ती दहावीत असेल, म्हणजे रविवारच्या दुपारी सराव परीक्षा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. उदारपणे मोजले तरी वर्षाकाठी ३५ पेक्षा जास्त फेऱ्या होतील असे मला दिसत नाही.

या ३५ फेऱ्यांचा हिशेब मांडू. सवलतीचे प्रवेश शुल्क १,५०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २७,००० रुपये, म्हणजे १,७७,००० रुपये. वर्गणी ३६,००० आणि जीएसटी मिळून ४२,४८० रुपये दरवर्षी. पंधरा ते एकवीस अशा सहा वर्षांत प्रवेश शुल्क वाटून घेतले, तर वर्षाला २९,५०० रुपये त्याचे आणि ४२,४८० रुपये वर्गणीचे, मिळून सुमारे ७२,००० रुपये होतात. म्हणजे एका फेरीला २,००० रुपयांहून अधिक, आणि तेही कॅडीचे (खेळाडूची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाचे) पैसे, प्रवास, चेंडू आणि सोबत येणाऱ्या पालकाचे पाहुणा शुल्क धरण्याआधी. क्लबमध्ये एकट्या अल्पवयीन मुलीला कॅडीबरोबर मैदानावर जाऊ देतात का, की प्रत्येक वेळी पालक लागतो, हे आपल्या पत्रात नाही. ते विचारून घ्या, कारण पालकाला दर वेळी पाहुणा म्हणून पैसे भरावे लागत असतील तर हा आकडा बराच वर जातो.

पाडव्याची मुदत हा या प्रस्तावातला सर्वांत लहान मुद्दा आहे, पण घरातली घाई त्याच्यामुळेच झालेली दिसते, म्हणून तो नीट सोडवून दाखवते. समजा आपण थांबलात आणि दहावीची परीक्षा झाल्यावर, पुढच्या वर्षी, पाडव्याच्या सवलतीशिवाय १,७५,००० रुपये भरलेत. जीएसटी धरून ते २,०६,५०० होतात, म्हणजे आजच्यापेक्षा २९,५०० रुपये जास्त. पण मधल्या वर्षाची, ज्या वर्षी मुलगी जेमतेम खेळू शकली असती त्या वर्षाची, ४२,४८० रुपयांची वर्गणी वाचली. थांबल्याने आपला १२,९८० रुपयांचा फायदाच झाला. क्लबने मधल्या काळात ज्युनियर शुल्क ८ टक्क्यांनी वाढवले असे धरले, तरी आपले नुकसान साडेतीन हजार रुपयांच्या आसपास जाते. एवढ्या रकमेत एका कुटुंबाला पूर्ण वर्षभर विचार करण्याची मोकळीक मिळत असेल, तर ती घ्यावी असे मी कोणालाही सांगेन.

खरा प्रश्न एकविसाव्या वाढदिवसाचा आहे आणि त्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते, कारण अशा योजनांमध्ये पालक भरती होतानाची रक्कम पाहतात आणि बाहेर पडतानाची पाहत नाहीत. "त्या वेळच्या प्रौढ शुल्कातला फरक" हे शब्द पुन्हा वाचा. आजच्या दराने हा फरक साडेचार लाखांचा आहे, जीएसटीसह ५,३१,००० रुपये. पण तो आजच्या दराने लागणार नाही. प्रौढ शुल्क दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढत गेले असे धरले, तर सहा वर्षांनी ६ लाखांचे सुमारे साडेनऊ लाख होतात. त्यातून आपण भरलेले दीड लाख वजा केले तर आठ लाख उरतात आणि जीएसटी मिळून साडेनऊ लाखांच्या जवळ रक्कम जाते. एकवीस वर्षांची मुलगी त्या वेळी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असेल किंवा नुकतीच बाहेर पडली असेल. शिकायला पुण्याला, बंगळुरूला किंवा आणखी कुठे गेलेली असू शकेल. तिची स्वतःची कमाई नसेल आणि रक्कम ९० दिवसांत हवी असेल. ती भरता आली नाही, तर आधीचे १,७७,००० रुपये आणि सहा वर्षांची अडीच लाखांची वर्गणी या बदल्यात तिच्याकडे सदस्य म्हणून काहीही उरणार नाही. ज्या मुलांनी शाळेच्या वयात एखाद्या क्लबमध्ये खेळ शिकला, त्यांना नोकरी लागण्याच्या अगदी आधी त्याच क्लबच्या दाराबाहेर उभे करणारी ही रचना मला अन्यायाची वाटते. ब्रिटनमधल्या अनेक क्लबांत १८ ते ३० या वयोगटासाठी वर्गणी पायरीपायरीने वाढत जाते, एका वाढदिवशी चौपट होत नाही. आपल्याकडच्या क्लबांनीही तसे करावे, असे मी इथे जाहीरपणे लिहिते, आणि आपणही क्लबच्या समितीला पत्र लिहाल तेव्हा ही मागणी त्यात नम्रपणे घालावी.

आता खेळाकडे वळते. पंधराव्या वर्षी, खेळ सुरू करून जेमतेम एक वर्ष झालेल्या मुलीला काय लागते? ड्रायव्हिंग रेंजवर (लांब फटक्यांच्या सरावाच्या जागेवर) हजारो चेंडू मारायला मिळणे, पटिंग ग्रीनवर (चेंडू होलमध्ये ढकलण्याच्या सरावाच्या हिरवळीवर) तासन् तास घालवता येणे, चूक वेळीच दाखवणारा प्रशिक्षक असणे, आणि अधूनमधून नऊ होल्सची खरी फेरी. भारतातली आजची सर्वांत नामवंत महिला गोल्फपटू अदिती अशोक हिने वयाच्या पाचव्या वर्षी बंगळुरूच्या कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या रेंजवर आणि पटिंग ग्रीनवर सुरुवात केली. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिचे वडील तिचे कॅडी होते आणि टोकियोत, जिथे ती चौथी आली आणि पदक अगदी थोडक्यात हुकले, तिची आई कॅडी होती. अनिर्बान लाहिरीचे वडील लष्करात डॉक्टर होते आणि त्याचा खेळ लष्कराच्या मैदानांवर घडला. आपल्या जवळच्या नात्यात कोणी सैन्यदलात असेल किंवा निवृत्त झालेले असेल, तर त्यांच्याकडे सेनादलांच्या गोल्फ मैदानांवर नातेवाइकांना खेळण्याची काही सोय आहे का, हे जरूर विचारा. अनेक कुटुंबांना ही वाट सुचतच नाही.

आपल्यासाठी जवळची वाट खारघरची आहे. सिडकोने विकसित केलेला खारघर व्हॅली गोल्फ कोर्स सेंट्रल पार्कला लागून, डोंगराच्या पायथ्याशी आहे. लाखांचे प्रवेश शुल्क न भरता, त्या दिवसाचे पैसे देऊन खेळण्याची संकल्पना सार्वजनिक संस्थेने आपल्या भागात आणली, याचे महत्त्व फार आहे. ठाण्याहून पनवेलकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर गाडीने थेट खारघरला उतरता येते. नाहीतर बेलापूरला उतरून, नोव्हेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या नवी मुंबई मेट्रोने सेंट्रल पार्क स्थानक गाठता येते. निघण्यापूर्वी फोन करून सध्याचे दर, विद्यार्थ्यांसाठी वेगळा दर, किती होल्स खुले आहेत आणि रेंजच्या वेळा हे सगळे विचारा, कारण मैदानाचे काम चालू असले की व्यवस्था बदलते. पहिल्या भेटीत कॉलर असलेला टी-शर्ट आणि सपाट तळाचे बूट पुरेत. खिळ्यांच्या बुटांची आताच घाई नको.

साहित्याबाबतही हाच विचार करावा. नियमांनुसार खेळाडूला एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब्ज, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, सोबत ठेवता येतात, पण १४ घेतलेच पाहिजेत असे नाही. या टप्प्यावर एक हायब्रिड, सात आणि नऊ नंबरचे आयर्न, एक वेज आणि एक पटर एवढ्या पाच काठ्यांवर ती वर्षभर शिकू शकते. हे सगळे चांगल्या अवस्थेत वापरलेले मिळते. तिची उंची अजून वाढायची असेल, म्हणून आज तिच्या मापाचा महागडा नवा संच घेणे म्हणजे वर्षाभरात आखूड होणारा गणवेश घेण्यासारखे आहे. दुकानदार पूर्ण संचावर सवलत दाखवील, तरी प्रशिक्षकाने तिचा स्विंग पाहून सांगितलेली लांबीच घ्यावी.

सासरेबुवांची ठेव मोडू नका, हे मी पुन्हा लिहिते, कारण त्यांचे नातीवरचे प्रेम पैसे खर्च करण्यापेक्षा अधिक चांगल्या रीतीने उपयोगी पडू शकते. ५ लाखांवर ७ टक्के व्याज धरले, तर वर्षाला ३५,००० रुपये येतात. त्यांनी हे व्याज नातीच्या खेळासाठी दिले, तर आठवड्यातून एक प्रशिक्षण सत्र, रेंजवरचे चेंडू आणि महिन्यातून एखादी नऊ होल्सची फेरी यांतला मोठा भाग त्यातून भागेल. मुद्दल त्यांच्या नावावर, त्यांच्या औषधपाण्यासाठी, जिथल्या तिथे राहील. ज्येष्ठांच्या हातातली ठेव ही त्यांची निश्चिंती असते, आणि क्लबचे प्रवेश शुल्क परत मिळत नाही. या दोन गोष्टींची अदलाबदल करणे मला धोक्याचे वाटते.

सदस्यत्वाचे खरे महत्त्व एका बाबतीत आहे आणि ते आपल्यापासून लपवू इच्छित नाही. स्पर्धांमध्ये उतरायचे झाले की हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा (जितका कमी, तितका खेळ चांगला), लागतो. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत तो मिळवण्यासाठी एकूण ५४ होल्सचे गुण, म्हणजे लागलेले फटके, नोंदवावे लागतात, आणि ही नोंद सामान्यतः संलग्न क्लबमार्फत होते. सुरुवातीचा हँडिकॅप कमाल ५४ पर्यंत असू शकतो, त्यामुळे नवख्या मुलीलाही तो मिळतो. म्हणून खारघरला जाल तेव्हा तिथून हँडिकॅपची नोंद होऊ शकते का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. होत असेल, तर पुढच्या एक-दोन वर्षांसाठी मोठ्या क्लबच्या सदस्यत्वाचे शेवटचे ठोस कारणही मागे पडते. होत नसेल, तर कमी खर्चाचे वार्षिक किंवा विद्यार्थी सदस्यत्व, ज्यात प्रवेश शुल्कच नसते, असे कुठे मिळते का ते शोधावे लागेल.

दहावीनंतर काय? परीक्षा मार्चमध्ये संपली की अकरावी सुरू होईपर्यंत मोकळे महिने हाती असतील. त्या काळात, सकाळी लवकर, ती किती वेळा स्वतःहून उठून मैदानावर जाते ते पाहा. सोळा वर्षांची मुलगी स्वतःची पिशवी भरून, गाडीची वेळ पाहून, आठवड्यातून तीन वेळा जात असेल आणि तिचे गुण कमी होत चालले असतील (गोल्फमध्ये कमी फटके म्हणजे चांगला खेळ), तर सदस्यत्वाचा विचार करण्याची वेळ आली असे समजावे. तेव्हाही याच क्लबशी बांधील राहू नका. ज्या क्लबची ज्युनियर वेळ अकरावी-बारावीच्या वेळापत्रकात बसते, तो क्लब थोडा महाग असला तरी आपल्याला स्वस्त पडेल.

आत्ताच्या क्लबला मात्र नकार कळवू नका. पाडव्यापूर्वी एक ईमेल पाठवा आणि लेखी उत्तर मागा. एकविसाव्या वर्षी भरायचा फरक आजच्या ६ लाखांवर निश्चित करून देता येईल का, आणि तो तीन-चार वर्षांच्या हप्त्यांत घेता येईल का? मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी गेली, तर कमी वर्गणीचे बाहेरगावचे सदस्यत्व मिळते का आणि तो काळ वयोमर्यादेत धरला जातो का? वय वाढदिवसावर मोजतात की आर्थिक वर्षावर? शाळकरी मुलांसाठी शनिवार-रविवारी सकाळची एखादी वेळ देता येईल का? सदस्यत्व कायमचे आहे की मैदानाच्या जमिनीच्या भाडेपट्ट्याच्या मुदतीपुरते? आणि सगळे अठरा होल्स आज खेळायला खुले आहेत की काही अजून तयार व्हायचे आहेत? क्लबच्या प्रतिनिधीने फोनवर कितीही गोड शब्दांत होकार दिला, तरी तो धरून चालू नये. सहा वर्षांनी ते गृहस्थ त्या जागी असतीलच असे नाही, आणि तेव्हा फक्त कागदच विचारात घेतला जाईल.

उत्तर लेखी आले आणि त्यात फरकाची रक्कम आजच्या दरावर निश्चित करून दिलेली असेल, तर मला अवश्य कळवा. त्या स्थितीत माझा सल्ला बदलू शकतो, आणि किती बदलेल ते नवे आकडे घेऊन आपल्यासाठी पुन्हा मांडून देईन.